शाईचा फोटो काही केल्या येईना

मांजराला हनुवटी वर करायला सांगणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. हनुवटीकाकांनी सांगितलं. एकदा नाही, तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा चांगला आवाज चढवून सांगितलं. त्यावर शाईनं, म्हणजे त्या काळ्या मांजरानं, एक पाय छताकडे ताठ उभा केला आणि ती निवांत पोट चाटायला लागली.

"अगं बाई, एक मिनिट! एकच मिनिट सरळ बस! तुझ्या पाया पडतो!"

शाई स्टुलावरून उतरली, पांढऱ्या पडद्याला नख्यांनी एक लांबलचक चीर पाडली आणि प्रिंटरच्या मागे जाऊन बसली. बाहेर बाकावर चार गिऱ्हाइकं तिष्ठत होती. त्यातला एक म्हणाला, "काका, तिचं लायसन्स काढताय का?" बाकीचे हसले. काकांचं पित्त असं काही खवळलं की त्यांनी दुकानाचा दरवाजाच लावून घेतला.

आता ह्या माणसाला दोष तरी किती द्यायचा? लायसन्सच्या कचेरीसमोर एकतीस वर्षं त्यांचं फोटोचं दुकान. माणूस येणार, स्टुलावर बसणार, काका म्हणणार, "खांदे सरळ, हनुवटी वर, डोळे उघडे, हसू नका," की झाला फोटो, पुढचा या. दिवसाला साठ-साठ तोंडं. त्यावरूनच हे नाव पडलं. कॅमेरा एकदा तिवईवर चढला तो चढलाच. विकणाऱ्यानं अठरा वर्षांपूर्वी उजेड कमी-जास्त करायची जी चकती फिरवून दिली होती तिच्यावर काकांनी चिकटपट्टी मारून टाकली, उगाच कोणाचा हात लागून बिघडायला नको. खरं कौशल्य पुढे, कॉम्प्युटरवर. गालावरचा मुरूम, डोळ्यांखालचं काळं, कपाळावरची खोक, सगळं दोन मिनिटांत साफ. मागच्या पडद्यावर एवढीशी सावली पडलेली त्यांना खपायची नाही. शेजारच्या खुर्चीत बसून काकू फोटो कापायच्या, पाकिटात घालायच्या आणि म्हणायच्या, "अहो, त्याची आई तरी ओळखेल का त्याला आता?"

त्या काकू महिन्यापूर्वी दुकानाच्या पायरीवरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगी राहते ते शहर इथून बसनं सहा तासांवर. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. दोन आठवडे काका तिथंच होते. मग काकूंनीच त्यांना पिटाळलं. "तुम्ही जा घरी. शेजारीण दार उघडून वाटी ठेवते नि जाते. शाई एकटी आहे."

मागे राहिलं होतं ते फक्त चालणं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "वॉकर धरून वऱ्हांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः चाला, की घरी सोडतो. पण पुढचे तीन आठवडे नुसत्या पडून राहिलात तर पाय आखडेल, मग कायमची खुर्ची." आणि काकू काय करत होत्या? भिंतीकडे तोंड करून पडून राहत होत्या. व्यायाम घेणारी बाई सकाळी येई, संध्याकाळी येई, गोडीनं सांगे, दटावून सांगे. काकू म्हणायच्या, "उद्या बघू."

कारण एकच. शाई मेली आहे आणि नवरा आपल्यापासून ते लपवतोय, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

हे येडं खूळ कुठून आलं म्हणाल, तर त्यालाही काकाच जबाबदार. सात वर्षांपूर्वी, मुलीच्या बाळंतपणाला काकू तिकडे गेलेल्या असताना, आधीचं मांजर गाडीखाली गेलं. काकांनी आठ दिवस फोनवर सांगितलं, "आहे की, इथंच कुठेतरी असेल, खेळत असेल." चांगुलपणानंच सांगितलं. पण काकू घरी आल्या नि कळायचं ते कळलं. त्या आठ दिवसांची माफी काकांना अजून मिळालेली नव्हती.

व्हिडिओ कॉल का नाही केला, असं कोणीही विचारेल. केला होता, घरी पोचल्या दिवशीच, हे खूळ डोक्यात येण्याआधी. फोनमधून काकूंचा आवाज आला तशी शाई धावत आली. फोनच्या पुढून बघितलं, मागून बघितलं, सोफ्याखाली शोधलं, मग दाराशी बसून एवढ्या मोठ्यानं ओरडायला लागली की काकूंना तिकडे रडू आवरेना. त्यानंतर शाई दिवसभर पलंगाखालून बाहेर आली नाही. काकूंनीच बजावलं, "पुन्हा असं करू नका हो. आवाज येतो नि माणूस नाही, तिनं काय समजायचं? फोटो पाठवा."

फोटो! एकतीस वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाला फोटो म्हणजे काय विशेष?

पहिला फोटो मोबाइलनं काढला, फ्लॅश मारून. एक काळा गोळा आणि त्यात दोन हिरवे दिवे. काकूंनी विचारलं, "हे काय आहे?" दुसऱ्यात शेपटी. तिसऱ्यात शाई होती, पण ती मांजर आहे की खुर्चीवर पडलेला स्वेटर हे काकांनाही छातीठोक सांगता आलं नसतं. चौथ्या दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, एक धड फोटो येत नाही तुम्हाला? तुम्हाला?"

"अगं, ती थांबत नाही!"

"आई आज जेवलीसुद्धा नाही. मी काय करू सांगा! ऑफिस बघू, पोर बघू, की हिच्यापुढे वॉकर नाचवू?"

मग काकांनी शाईला टोपलीत घालून दुकानात नेलं आणि त्या हनुवटीचं सगळं रामायण झालं. पण पडदा फाटण्याआधी एक फोटो त्यातल्या त्यात बरा आला होता. डोळे उघडे, तोंड समोर. काकांनी तो कॉम्प्युटरवर घेतला, उजळ केला, इकडचं तिकडचं नीट केलं आणि मोठ्या ऐटीत पाठवून दिला. पाच मिनिटांत फोन.

"ही शाई नाही," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"डावा कान बघा हिचा."

"काय झालंय कानाला?"

"काही झालं नाहीये, तेच तर म्हणतेय! शाईचा कान फाटका आहे. बोक्यानं फाडलाय. आणि ओठाखालचे पांढरे केस कुठे गेले? कोणाची आणलीत ही?"

काकांनी फोटो परत उघडला आणि डोक्याला हात लावला. कान अख्खा होता. ओठाखाली काळंभोर. आपण हे कधी केलं, त्यांना आठवेना. डाग दिसला, हात गेला. चीर दिसली, हात गेला. एकतीस वर्षांची खोड, ती काय मांजर नि माणूस बघते?

"अगं, तीच आहे! मीच कान दुरुस्त केला!"

"कशाला?"

काका म्हणाले, "हात गेला गं."

"हात गेला! वीस वर्षं तुमच्या शेजारी बसलेय मी. तुम्ही टकल्या माणसाला केस लावून दिलेत माझ्यासमोर. मेलेलं मांजर जिवंत करायला तुम्हाला किती वेळ लागतोय?" काकूंचा आवाज फाटला. "खरं सांगायचं नसेल तर राहू द्या. आता घरी आहे कोण, कोणासाठी चालू मी?"

"आणि मी?" काका ओरडले. "मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे?"

पण फोन बंद झाला होता.

तीन आठवड्यांपैकी अकरा दिवस राहिले होते. काका घरभर येरझारा घालत स्वतःशीच बडबडत होते. बायको ही अशी, मांजर ते तसं, मुलगी बोलते ती वेगळीच, आणि मधल्यामध्ये मरण कोणाचं? त्यांनी शाईसमोर वाटी आपटली. "खा! निदान खाऊन तरी घे!" शाईनं वास घेतला, दोन घास खाल्ले आणि ती निघून गेली. नखरे, काका म्हणाले, सगळे नखरे. आणि चहात ब्रेड बुडवून त्यांनी स्वतःचं जेवण उरकलं.

मांजराचं खाणं विकणारी बाई चौकापलीकडे होती. तिच्या दुकानाच्या काचेवर सोडून दिलेल्या मांजरांचे फोटो लावलेले असायचे, कोणीतरी घरी न्यावं म्हणून. काका इतकी वर्षं त्या काचेवरून नजर न टाकता जायचे. त्या दिवशी थांबले. एक काळं मांजर होतं त्यात. त्याचा केस न् केस सुटा दिसत होता, मिशा दिसत होत्या, डोळ्यांत खिडकी दिसत होती. काकांना मनातून भारी राग आला.

"हा कोणी काढला?"

"मीच," बाई पोती रचता रचता म्हणाली. "का?"

विचारायला काकांच्या जिवावर आलं होतं. पण विचारलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो सुटलाच.

"स्टुलावर बसवलंत? मांजराला? अहो, त्याला वर नका चढवू, तुम्ही खाली या. जमिनीवर पालथे पडा, त्याच्या डोळ्यांना डोळा येईल असे. आणि मागे पांढरा पडदा? पांढऱ्यापुढे काळं धरलं की कॅमेरा पांढऱ्याच्या नादी लागतो नि काळ्याचा कोळसा करतो. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"माहितीये मला," काका गुरगुरले. माहीत होतं, तरुणपणी कधीतरी शिकलेही होते.

"मग करत का नाही? फ्लॅश बंद. खिडकीचा उजेड घ्या, बाजूनं पडणारा. उजेड थोडा वाढवून घ्या कॅमेऱ्यात, काळं असलं की वाढवावाच लागतो. डोळ्यावर नेम धरा. आणि मुख्य म्हणजे तोंड बंद ठेवा. तुम्ही हुकूम सोडता, आवाजावरूनच कळतंय. हाका मारू नका, चुटक्या वाजवू नका. पडून राहा. ते येईल तेव्हा येईल."

"आणि नाही आलं तर?"

"तर उद्या परत पडून राहा."

एका पोती विकणाऱ्या बाईनं आपल्याला धडे द्यावेत! काका तणतणत दुकानात गेले, कॅमेरा तिवईवरून उतरवला आणि चकतीवरची चिकटपट्टी नखानं खरवडायला घेतली. अठरा वर्षांची पट्टी. नख तुटलं, पण निघाली.

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी जमिनीवर पालथे. पन्नाशी उलटून गेलेला माणूस, कोपर दुखतंय, मान अवघडलीय, पोटाखाली फरशी गार, आणि समोर मांजराची पाठ. पहिला दिवस पाठच. दुसऱ्या दिवशी शाई आली ती थेट भिंगाला नाक लावायला. सोळा फोटो आले, सोळाही नाकपुड्यांचे. तिसऱ्या दिवशी सगळं जमलं होतं, उजेड, अंतर, नेम, आणि बटण दाबायच्या क्षणाला काका सवयीनं बोलून गेले, "हनुवटी..." शाई पसार. काकांनी स्वतःच्या तोंडावर एक चापट मारून घेतली. दुकान अकराला उघडायचं ते बाराला उघडू लागलं. गिऱ्हाइकं बोंब मारायची. दाढी करायला वेळ होता कुठे? वेळ होता, पण करावीशी कोणासाठी वाटायची?

शिकायला मात्र लागले होते. साडेआठला पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत येतं नि झोपायच्या खोलीत कपाटाच्या पायथ्याशी एक पट्टा पडतो, हे त्यांना सव्वीस वर्षं त्या घरात राहून आता कळलं. शाई त्या पट्ट्यात येऊन बसते, पट्टा सरकला की ती सरकते. थेट उन्हात तिचे डोळे बारीक होतात. ऊन जरा मऊ पडलं, कडेवर आलं, की मोठे होतात. मग काका कडेची वाट बघायला लागले. चकती कधी इकडे, कधी तिकडे फिरवून बघू लागले. रोज एक तरी फोटो कालच्यापेक्षा बरा निघे. पण काकूंना पाठवावा असा एकही नाही. आता पाठवायचा तो एकच, आणि तो बघून शंका घ्यायला जागा उरता कामा नये.

मुलीचा रोज फोन. "आठ दिवस राहिले, बाबा." "सात." "सहाच राहिले, डॉक्टर आज नीट बोललेसुद्धा नाहीत माझ्याशी."

पाच राहिले त्या सकाळी काका बोलले नाहीत, हलले नाहीत, हनुवटीचा विचारसुद्धा त्यांच्या मनात आला नाही. शाई उन्हाच्या कडेवर उभी होती. तिनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, सरळ, डोळ्यांत डोळे घालून. काकांनी बटण दाबलं.

दुकानात जाऊन त्यांनी फोटो पडद्यावर मोठा केला आणि त्यांना हसूच आलं. काय आला होता फोटो! काळ्यात काळ्याच्या दहा छटा. फाटका कान, अगदी टोकाच्या विरलेल्या केसांसकट. ओठाखालचे पांढरे केस, चारच्या चार मोजून घ्या. काका मान हलवत बघत राहिले. आणि मग हसू ओसरलं.

शाईच्या कमरेची हाडं वर आली होती. बरगड्यांच्या मागे खळगा पडला होता. पाठीचा कणा मण्यांसारखा मोजता येत होता. रोज हेच मांजर घरात वावरत होतं, रोज काका त्याच्याकडे बघत होते, नि हे त्यांना दिसलं नव्हतं. काळ्या गोळ्यात दिसणार काय? नीट फोटो काढायला शिकले तेव्हा दिसलं.

आता आली का पंचाईत! हा फोटो काकूंना कसा पाठवायचा? मांजर मेलं म्हणून पडून राहिलेली बाई, तिला मरायला टेकलेलं मांजर दाखवायचं? हात आपोआप माउसवर गेला. खळगा भरून काढायचा, कणा गुळगुळीत करायचा, कंबर जरा भरीव. दोन मिनिटांचं काम. कान ठेवायचा, पांढरे केस ठेवायचे. ह्या वेळी तिला पत्तासुद्धा लागला नसता. एकतीस वर्षांत इतकी सोपी दुरुस्ती त्यांना मिळाली नव्हती.

बाहेर कोणीतरी दार ठोठावत होतं. "बंद आहे!" ते खेकसले. आठ दिवस फोनवर "खेळत असेल" म्हणणारा आपला आवाज त्यांना आठवला आणि स्वतःची भयंकर शरम वाटली. त्यांनी माउस सोडला. फोटो होता तसा पाठवून दिला. खाली लिहिलं, "आजचा आहे. सकाळचा. हात लावलेला नाही. ती नीट खात नाहीये, मला आत्ता कळलं."

उत्तर नाही. दुपार झाली, उत्तर नाही. मुलीला फोन करावा तर तीही उचलेना. काकांनी तीन गिऱ्हाइकांचे फोटो काढले नि तिन्हींत डोळे मिटलेले आले. गेलं, सगळं हातचं गेलं, आपणच घालवलं, असं म्हणत ते चार वाजताच दुकान बंद करून घरी आले. कुलूप काढतात तोच फोन वाजला.

"अहो," काकूंना धाप लागली होती. "वऱ्हांड्यातून बोलतेय."

"वऱ्हांड्यातून? तिथं कोणी नेलं तुला?"

"नेतंय कोण! चालत आले. अर्ध्यापर्यंत झालं, इथं बाक आहे, बसलेय. पाय फाटतोय नुसता. उद्या पूर्ण चालणार आहे, त्या डॉक्टरला सांगून ठेवलंय कागद तयार ठेवा म्हणून."

काकांनी किल्ली कुलपातच सोडली. "फोटो बघितलास ना? खरा आहे गं तो, शपथ. मी काहीसुद्धा..."

"ठाऊक आहे खरा आहे. खोटा असता तर मागचं कापलं असतंत तुम्ही."

"मागचं? कसलं मागचं?"

"मागे कपाटाचा आरसा आहे. त्यात तुम्ही आहात."

काकांनी फोन कानापासून काढून फोटो उघडला, बोटांनी मोठा केला. शाईच्या मागे, किंचित धूसर, बनियन घातलेला एक माणूस फरशीवर पालथा पडला होता. गळ्याची हाडं दिसत होती. गाल आत गेले होते, पांढरी दाढी वाढली होती. पडद्यावरची एवढीशी सावली ज्याला खपत नाही त्या माणसाला आख्खा स्वतः दिसला नव्हता.

"सकाळपासून तिकडेच बघतेय मी," काकू म्हणाल्या. आता त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "मांजर खाणार आहे हो. तिला एकटीला जेवण जात नाही, मी जवळ बसते तेव्हाच ती वाटी संपवते, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. पण तुम्हालाही एकट्याला जात नाही, हे मला ठाऊक असून मी... मांजर-मांजर करत बसले. किती दिवस झाले धड जेवून?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. "आठवत नाही," ते म्हणाले.

"आता उठा. तिचं खाणं कोमट करा, दोन अंडी फोडा, आणि दोघं एका जागी बसून जेवा. मी फोन ठेवत नाही. मला ऐकू आलं पाहिजे."

काकांनी फोन ओट्यावर ठेवला. अंडी तळली, शाईची वाटी कोमट केली आणि ताटली घेऊन ते तिच्याशेजारी जमिनीवर बसले. शाईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि खाली मान घालून खायला लागली. काकांनी रडत रडतच पहिला घास घेतला.

"जेवताय ना?" ओट्यावरून आवाज आला.

"जेवतोय," काका म्हणाले. "जेवतोय गं. तू ये."